मुक्या जिवाचा सांधा आणि सार्वजनिक वैद्यक

मुंबईत महालक्ष्मी येथे २०२४ सालच्या जुलै महिन्यात टाटा न्यासाने लहान प्राण्यांसाठी एक रुग्णालय सुरू केले. पाच मजली इमारत, सुमारे २०० खाटा आणि १६५ कोटी रुपयांचा खर्च असा त्याचा पसारा वृत्तपत्रांतून सांगितला गेला. या उपक्रमामागची हकिगत खुद्द रतन टाटा यांनीच कथन केली होती. आपल्या कुत्र्याच्या सांध्याचे रोपण करून घेण्यासाठी त्यांना अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे रुग्णालय गाठावे लागले. परंतु तोवर फार उशीर झाला होता, आणि तेथील शल्यज्ञांना तो सांधा एका ठरावीक स्थितीत कायमचा जखडून टाकण्यावर समाधान मानावे लागले.

या हकिगतीकडे उपहासाने पाहण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना आहे. धनिकाचे कुत्रे उपचारासाठी समुद्रापार जाते आणि गरिबाचे मूल गावच्या दवाखान्यात औषधावाचून परत येते, हा विरोध दाखवून दिला की आपले वैचारिक कर्तव्य पुरे झाले असे आपणास वाटते. विरोध खराच आहे. पण त्या हकिगतीत याहून महत्त्वाची एक गोष्ट दडलेली आहे. देशातील अग्रगण्य उद्योगपतीलाही आपल्या कुत्र्याच्या सांध्यावर इलाज करून घेण्याची सोय या देशात वेळेवर मिळाली नाही. ज्याच्या हाताशी विमान, पैसा आणि ओळखी होत्या त्याला उशीर झाला. तर ज्याच्यापाशी यांतले काहीच नाही त्याचे काय होत असेल, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. आणि तो मुंबईत बसून विचारण्यापेक्षा विट्यासारख्या ठिकाणी उभे राहून विचारणे अधिक उद्बोधक ठरेल.

विट्याहून निघणारी वाट

सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील विटा हे शहर यंत्रमागांचे आणि कुक्कुटपालनाचे. सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांत पांगलेल्या कुटुंबांचे मूळ ठिकाणही याच परिसरात. आसपासचा मुलूख अवर्षणाचा, मेंढपाळांचा, माळावरच्या वस्त्यांचा. येथे कुत्रे ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. मेंढ्यांच्या कळपामागे रात्रभर जागणारे, वस्तीवर परका माणूस आला की भुंकणारे आणि भाकरीच्या तुकड्यावर आयुष्य काढणारे ते एक कष्टकरी जनावर आहे. त्याच्याच जातकुळीची असंख्य कुत्री शहरांच्या गल्लीबोळांत बेवारस हिंडत असतात. २०१९ च्या पशुगणनेने देशात अशा भटक्या कुत्र्यांची संख्या १ कोटी ५३ लाख, तर महाराष्ट्रात १२ लाख ७६ हजारांच्या घरात असल्याचे नोंदवले.

यांतले एखादे पिल्लू वाहनाखाली सापडते, कोणी तरी ते उचलून घरी आणतो, हळद भरतो, फळीची पट्टी बांधतो. पिल्लू जगते. समजा, हा उचलणारा माणूस यंत्रमागावरचा कामगार आहे. दोन वर्षांनी ते कुत्रे सकाळी उठताना कण्हू लागते, मागचा एक पाय टेकवीत नाही, चालण्याऐवजी सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम उचलून उड्या मारते. तालुक्याच्या दवाखान्यातील पशुवैद्य आपल्या परीने तपासतो, वेदना कमी करणारे औषध देतो आणि प्रामाणिकपणे सांगतो की हे हाडांच्या शल्यज्ञाला दाखवले पाहिजे. खुब्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया तालुक्याच्या दवाखान्यात व्हावी अशी अपेक्षा धरणे हा त्या पशुवैद्यावरही अन्याय होईल.

मग वाट निघते ती कडेगाव, कराड करीत महामार्गाला लागते, सातारा ओलांडते, खंबाटकीचा घाट उतरते आणि शिरवळला पोहोचते. तेथे १९८८ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, शल्यचिकित्सा व क्ष-किरणशास्त्राचा विभाग आहे, आणि विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी चालणारे चिकित्सालयही आहे. त्यापलीकडे पुण्याचे खासगी दवाखाने आणि अखेर मुंबई. जाऊन येऊन पुरा दिवस मोडतो. म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. वाहन भाड्याने करावे लागते, कारण लंगडे कुत्रे मांडीवर घेऊन गर्दीच्या एस.टी.त शिरणे बोलण्याइतके सोपे नाही. कराडला रेल्वे आहे. पण रेल्वेच्या नियमाप्रमाणे मोठे कुत्रे एक तर पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात स्वतंत्र कूपे घेऊन न्यावे लागते, नाही तर मालकापासून तोडून गार्डच्या डब्यातील पेटीत कोंडावे लागते. जनावराच्या प्रवासातही वर्गभेद आहे. आणि एक खेप पुरत नाही. तपासणी, शस्त्रक्रिया, टाके आणि फेरतपासणी यांसाठी तीच वाट तीन-चार वेळा तुडवावी लागते. अखेर घरातली शहाणी माणसे सांगतात, “सोडून दे त्याला.” दयेच्या पोटी उचललेला जीव दारिद्र्याच्या पोटी पुन्हा रस्त्यावर जातो.

शिरवळच्या त्या महाविद्यालयाला क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नाव दिलेले आहे. १९४३ ते १९४६ या काळात सातारच्या प्रतिसरकारने गावोगावी न्यायदान मंडळे उभारली, तेव्हा त्यामागे एक साधा विचार होता. न्यायासाठी गरिबाने कचेऱ्यांचे उंबरे झिजवू नयेत. न्यायाने त्याच्या गावात यावे. ज्यांच्या नावाने ही संस्था उभी आहे त्यांचे तत्त्व पशुवैद्यकालाही लागू करावे एवढीच आपली मागणी आहे.

दुखणे कोणते, इलाज कोणता

सांध्याचे दुखणे म्हणजे केवळ म्हातारपण, ही समजूत प्रथम सोडली पाहिजे. रस्त्यावरून आलेल्या कुत्र्यात त्याची कारणे अनेक असतात. लहानपणी मोडलेले हाड वेडेवाकडे जुळलेले असते. खुब्याचा सांधा निखळून तसाच राहिलेला असतो. गुडघ्यातील अस्थिबंध तुटलेला असतो. निकृष्ट आहाराने हाडे मुडदुशी झालेली असतात. किंवा गोचिडांतून आलेल्या तापाने सांधे सुजलेले असतात. यांतल्या शेवटच्या प्रकाराला शस्त्रक्रिया लागत नाही. वेळीच रक्त तपासून योग्य औषध दिले तर तो बरा होऊ शकतो. जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर अशा जातिवंत कुत्र्यांत खुब्याच्या खोबणीचा दोष आनुवंशिक असतो. पैशाच्या लोभाने सदोष नरमाद्यांची पैदास करणारे पिल्ले विकून मोकळे होतात आणि ते कुत्रे लंगडू लागले की विकत घेणारा त्याला गावाबाहेर सोडून देतो. पैदास व विक्री यांवर नियंत्रण आणणारे नियम २०१७ साली केंद्राने केले. पण त्यांची अंमलबजावणी जिल्ह्याच्या पातळीवर कोण करणार, हा प्रश्न उरतोच.

इलाज प्रत्येक वेळी मिनेसोटाच्या तोडीचा लागतो असेही नाही. कृत्रिम सांधा बसवणे महागडे आहे. परंतु मांडीच्या हाडाचा गोल माथा काढून टाकण्याची एक जुनी शस्त्रक्रिया आहे. त्यानंतर स्नायू आणि तंतुमय उती मिळून एक खोटा का होईना पण वेदनारहित असा सांधा तयार करतात. मध्यम वजनाच्या, सडसडीत कुत्र्यांत तिचा चांगला गुण येतो, आणि गावठी कुत्री बहुधा सडसडीतच असतात. तिला कृत्रिम सांध्याची किंमत मोजावी लागत नाही. लागतो तो चांगला क्ष-किरण फोटो, सुरक्षित भूल, शिकलेला हात आणि नंतर काही आठवडे नेमाने करून घ्यायचा व्यायाम. वजन आटोक्यात ठेवणे आणि निसरड्या फरशीवर पोते अंथरणे हे तर बिनपैशाचे उपाय. म्हणजे अडचण ज्ञानाची नाही, ज्ञानाच्या वाटपाची आहे.

हे वाटप झाले नाही की माणसे आपल्या बुद्धीने इलाज करू लागतात. घरातील माणसांसाठी आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांतली एक कुत्र्याला दिली जाते. आयबुप्रोफेनसारखी औषधे कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात. वेदनाशामकांचा अविचारी वापर किती दूरवर जाऊन पोहोचतो याचा धडा आपण एकदा शिकलो आहोत. लंगडणाऱ्या आणि तापाने फणफणणाऱ्या गुरांना डायक्लोफेनॅक सर्रास दिले जाई. ती गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागली आणि त्यांच्या काही जाती नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या. २००४ साली शास्त्रज्ञांनी कारण शोधून काढले, २००६ साली भारत सरकारने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. दरम्यान माळावर पडलेल्या मढ्यांवर गिधाडांच्या जागी कुत्री पोसली गेली, त्यांची संख्या वाढली, असे अभ्यासकांचे प्रतिपादन आहे. गुरांच्या एका साध्या दुखण्यावरचा चुकीचा इलाज आकाशातून गिधाडे नाहीशी करतो आणि जमिनीवर कुत्री वाढवतो. पशुवैद्यक ही खासगी हौसेची बाब नसून सार्वजनिक आरोग्याचे अंग आहे, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

पशू आणि पशुधन

आपल्या सरकारी पशुवैद्यकाची घडणच मुळी “पशुधन” या शब्दाभोवती झालेली आहे. अधिकाऱ्याचे पदनामही पशुधन विकास अधिकारी असेच आहे. जनावर म्हणजे धन. जे दूध देते, ओढकाम करते, अंडी किंवा मांस देते त्याची निगा राखायची. कृत्रिम रेतन, लाळ-खुरकुताची लस, २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत झालेली धावपळ ही कामे महत्त्वाचीच आहेत, आणि अपुऱ्या मनुष्यबळावर ती पार पाडणाऱ्यांचे श्रम कोणी नाकारू नयेत. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली ५,००० पशुघटकांमागे एक पदवीधर पशुवैद्य असावा अशी शिफारस केली. पण मापच गाईचे असेल, तर त्यात कुत्र्याचे वजन ते किती भरणार?

यातील विचार भांडवली हिशेबाचा आहे, हे ओळखले पाहिजे. जिवाचे मोल त्याच्या उत्पन्नावरून ठरवायचे आणि उत्पन्न थांबले की त्याला खर्चाच्या रकान्यात टाकायचे, हा न्याय आज कुत्र्याला लागू होतो. काल तो भाकड गाईला आणि थकलेल्या बैलाला लागू झाला. गिरणीतून काढून टाकलेल्या कामगारालाही तो लागू होताना आपण पाहिला आहे. राखणीचे कुत्रे लंगडे झाले की त्याची भाकरी बंद होते. त्याला ना निवृत्तिवेतन, ना भरपाई. श्रमाचे मोल मानणाऱ्या माणसाला हे खटकले पाहिजे.

राज्यघटनेने पशुवैद्यकीय शिक्षण आणि व्यवसाय हा विषय राज्यांकडे सोपवला आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत केलेल्या प्रयत्नांतून पुढे १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आला. त्यात मालकाने जनावर वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा मानला आहे, परंतु पहिल्या गुन्ह्यास दंड ठरला तो दहा ते पन्नास रुपये. कर्तव्य नागरिकावर आणि साधने कोणाकडेच नाहीत, अशी ही रचना आहे. ज्याच्या आवाक्यात उपचारच नाही, त्याला दयेचे कर्तव्य सांगणे ही क्रूर थट्टा होय.

“आधी माणसांचे पाहा”

या ठिकाणी आक्षेप येणार, आणि तो आपल्याच गोटातून येणार. खानापूर-आटपाडीच्या माळावर माणसाला हाडांचा डॉक्टर मिळत नाही. मागावर आयुष्य काढलेल्या बाईचे गुडघे धरतात आणि तिला कोणी विचारीत नाही. तेथे कुत्र्याच्या खुब्याची चर्चा कसली करता? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर टाळता येणार नाही.

पहिली गोष्ट अशी की, माणसाच्या वाट्याची तरतूद कुत्र्याने खाल्ली म्हणून माणसाला डॉक्टर मिळत नाही, असे नाही. दोघांनाही न मिळण्याचे कारण एकच आहे: तज्ज्ञ आणि यंत्रे ही जेथे पैसा आहे तेथे जातात, जेथे गरज आहे तेथे जात नाहीत. दुसरे असे की, क्ष-किरण यंत्र, भूल देण्याची सोय आणि हाडे जोडणारा शल्यज्ञ जिल्ह्यात आला तर तो केवळ कुत्र्यासाठी येणार नाही. खड्ड्यात पाय मोडलेली शेळी, शर्यतीत घसरलेला खिलार बैल आणि मेंढपाळाचे घोडे यांनाही तो लागतो. ज्याचे सारे भांडवल म्हणजे चार शेळ्या, त्याच्या दृष्टीने शेळीचा पाय हा संसाराचा पाय असतो. तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे: “आधी हे, मग ते” असे म्हणून दुर्बलांना रांगेत उभे करण्याची पद्धत राज्यकर्त्यांची आहे. आधी देश, मग शेतकरी. आधी उत्पादन, मग कामगार. आधी पुरुष, मग बाई. त्या रांगेत कोणाचाच क्रमांक लागत नाही, हा आपला आजवरचा अनुभव आहे. समतेचा आग्रह धरणाऱ्यांनी तीच रांग आपल्या हाताने लावू नये.

दयेच्या मर्यादा

दुसऱ्या बाजूने प्राणिमित्र म्हणतील की सरकारच्या नादी लागण्यापेक्षा दानशूरांना आवाहन करावे. दानाची परंपरा मुंबईला जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिनशा पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाईंच्या नावाचे पशुरुग्णालय उभे राहिले आणि १८८६ साली त्याच्या लगत पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. महालक्ष्मीचे नवे रुग्णालय याच परंपरेतले. त्याबद्दल कृतज्ञताच असावी. पण दान देणारा जेथे राहतो तेथे दान फुलते. परळ आणि महालक्ष्मी यांत काही किलोमीटरांचे अंतर आहे. त्यांच्यामध्ये जवळजवळ दीड शतक गेले, तरी दानाची गंगा खंबाटकीचा घाट उतरून माणदेशाकडे वळली नाही.

गांधीजींनी १९२६ साली या प्रश्नाला हात घातला होता. अहमदाबादेत गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी साठ भटकी कुत्री मारवली तेव्हा मोठा गदारोळ उठला, आणि ‘यंग इंडिया’तून गांधीजींनी त्याची चर्चा केली. कुत्री मारण्याविषयीचे त्यांचे तेव्हाचे मत आज कोणाला पटणार नाही, कायद्यालाही ते मान्य नाही. परंतु त्यांचे एक निदान अचूक होते: वाटेत तुकडा टाकून पुण्य जोडणे ही खरी दया नव्हे, मालक नसलेले कुत्रे रस्त्यावर असणे हे समाजाच्या दयेचे लक्षण नसून त्याच्या आळसाचे लक्षण आहे. औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला जाणारा भाविक तसबिरीतल्या चार कुत्र्यांना हात जोडतो आणि देवळाबाहेरच्या पाचव्याला काठी दाखवतो. हा आळस व्यक्तीच्या उपदेशाने जाणार नाही; त्याला सामुदायिक व्यवस्थाच लागते.

ही व्यवस्था उभी करण्याची निकड आता वाढली आहे. २०२३ च्या नियमांनी भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. २०२५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणची कुत्री हलवून ती निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. चावणाऱ्या कुत्र्याची भीती गरिबाच्या मुलालाच अधिक असते. मोटारीतून शाळेत जाणाऱ्याला ती नसते. तेव्हा त्या चिंतेची हेटाळणी करता येणार नाही. पण निवारे उभारले आणि त्यांत वैद्य नसला, तर मोडक्या सांध्यांची कुत्री ओल्या फरशीवर सडत पडतील आणि निवाऱ्याचा कोंडवाडा होईल.

काय करता येईल

मागण्या मोठ्या नाहीत. शिरवळच्या महाविद्यालयातील शल्यज्ञ आणि पदव्युत्तर विद्यार्थी यांचे पथक महिन्यातील एका ठरलेल्या वारी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील तालुक्यांच्या ठिकाणी यावे. विट्याला त्यात क्रम असावा. विद्यार्थ्यांना शिक्षण मिळेल, जनावरांना उपचार. प्रत्येक जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात चालू स्थितीतले क्ष-किरण यंत्र आणि लहान प्राण्यांसाठी भूल देण्याची सोय असावी, आणि तेथील फोटो महाविद्यालयाकडे पाठवून सल्ला घेण्याची पद्धत पाडावी. त्यामुळे निम्म्या खेपा वाचतील. १९६२ हा क्रमांक फिरवला असता येणारी फिरती पशुवैद्यकीय पथके केंद्राच्या योजनेत सुमारे एक लाख पशुधनामागे एक या हिशेबाने ठरलेली आहेत. जखमी बेवारस जनावर मोठ्या दवाखान्यापर्यंत पोहोचवणे हे त्यांच्या कामात स्पष्टपणे नमूद व्हावे. रस्त्यावरचे जनावर घरी नेऊन सांभाळणाऱ्यास उपचार विनामूल्य असावेत. हजारो रुपये मोजून जातिवंत पिल्लू विकत घेणाऱ्याकडून रास्त शुल्क घ्यावे आणि पैदास करणाऱ्या व्यापाऱ्यावर कर बसवावा. म्हणजे ज्यांनी दोष निर्माण केला त्यांच्याच नफ्यातून दुरुस्तीचा खर्च निघेल.

नगरपरिषदेचाही यात वाटा आहे. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत विट्याने देशात पहिला क्रमांक पटकावला. जे शहर आपला कचरा मोजू शकते, वेगळा करू शकते, उचलू शकते, त्याला आपल्या रस्त्यांवरच्या जखमी जिवांची नोंद ठेवणे आणि अंदाजपत्रकात त्यांच्यासाठी एक स्वतंत्र शीर्ष ठेवणे अशक्य नाही. ज्या शिस्तीने हे शहर पहिले आले, तीच शिस्त येथे लागते.

श्रीमंताच्या कुत्र्याला उशीर झाला, त्यातून मुंबईत एक रुग्णालय उभे राहिले. गरिबांच्या कुत्र्यांना रोज उशीर होतो, त्यातून काहीच उभे राहत नाही. कारण गरिबाच्या दुःखाचे रूपांतर इमारतीत होण्यासाठी पैशाचा नव्हे, संघटित मागणीचा मार्ग असतो, आणि ती मागणी अजून कोणी केलेली नाही. ग्रामसभेत, नगरपरिषदेत, जिल्हा परिषदेच्या बैठकीत हा विषय निघाला तर सुरुवातीला हसू होईल. पाणंद रस्ता, रोजगार हमी, पाणीवाटप या मागण्यांनाही एके काळी लोक हसलेच होते. हसणे थांबेपर्यंत मागणी करीत राहणे, हा आपला जुना मार्ग आहे.